लाइक नको, ऑर्डर मोजा : घरगुती व्यवसायाच्या डिजिटल जाहिरातीचा पाठ



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपली आणि सहामाहीच्या निकालाची पालकसभा झाली. सगळे पालक गेले, तरी नववीतल्या एका मुलीची आई थांबून राहिली. मला वाटलं, मार्कांबद्दल काही विचारायचं असेल. त्या म्हणाल्या, "सर, मार्कांचं राहू द्या. ही पोरगी पंधरा दिवस झाले नीट जेवत नाही. तुम्ही जरा बोला तिच्याशी."

झालं होतं असं. त्या ताई घरी फराळ करून विकतात. मुलीने हौसेने आईच्या मोबाईलवरून फेसबुकवर चकलीचा फोटो टाकला. खाली 'बूस्ट पोस्ट' असं निळं बटण दिसलं. आईला विचारून तिने ते दाबलं. दिवाळी होईपर्यंत तीन हजार रुपये गेले. लाइक आले चारशेच्या वर. नागपूर, जालना, पालघर, कुठून कुठून लोकांनी बदाम टाकले. ऑर्डर आल्या तीन, प्रत्येकी एक किलोच्या. मुलगी एकच धरून बसली होती, "मीच आईचे पैसे घालवले."

त्या दिवशी मी तिची समजूत काढली, पण पैसे नेमके कुठे गेले हे मलाही सांगता आलं नाही. गणित शिकवतो, पण यातलं काही येत नव्हतं. मग वर्षभर आम्ही तिघांनी मिळून हा विषय शिकून घेतला. पुढच्या दिवाळीला पुन्हा जाहिरात केली, पण वहीत हिशेब लिहून. आज तोच पाठ तुमच्यापुढे मांडतो आहे. आपल्या प्रत्येक वर्गात दोन-चार मुलांच्या घरी शिवणकाम, मसाले, पापड, मेंदी, शिकवणी, दुरुस्ती असं काहीतरी चालूच असतं. त्यांच्या उपयोगी पडेल.

या पाठातून काय शिकायचं?

१. जाहिरातीवर जास्तीत जास्त किती खर्च करायचा, हे आधी ठरवणं.
२. फुकटची साधनं नीट वापरणं.
३. पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल, तर ती लहान करून तपासणं.
४. ऑर्डर कुठून आली, हे वहीत लिहिणं.
५. खरं तेवढंच सांगणं.

पहिली पायरी : जाहिरातीआधी हिशेब

मोबाईल बाजूला ठेवा आणि कागद घ्या. ताईंच्या एक किलो चकलीचा हिशेब असा होता.

विक्रीची किंमत : ६०० रुपये
साहित्य (भाजणी, तेल, मसाला) : ३२० रुपये
गॅस : ३० रुपये
डबा आणि लेबल : ३० रुपये
मदतनीस बाईंची मजुरी : ७० रुपये
एकूण खर्च : ४५० रुपये
शिल्लक : १५० रुपये

हे १५० रुपये म्हणजे ताईंची स्वतःची मेहनत आणि नफा, दोन्ही त्यातच. आता जाहिरात करून एक किलोची ऑर्डर मिळवायला १५० रुपयांपेक्षा जास्त लागले, तर ती ऑर्डर तोट्याची. इतकं साधं आहे.

आता पहिल्या दिवाळीचा हिशेब करू. खर्च ३००० रुपये, ऑर्डर ३. म्हणजे एका ऑर्डरमागे १००० रुपये. मिळाले प्रत्येकी १५०. तीन ऑर्डरचे ४५० वजा केले, तर निव्वळ तोटा २५५० रुपये. आणि नुसती बरोबरी साधायची म्हटली, तरी ३००० ÷ १५० = २० किलोच्या ऑर्डर हव्या होत्या. हा भागाकार आधी केला असता, तर "वीस किलो येतील का?" हा प्रश्न बटण दाबण्यापूर्वीच पडला असता.

मुलीला हे वहीवर करून दाखवलं, तेव्हा ती पहिल्यांदा नीट बोलली. चूक बटण दाबण्याची नव्हती, हिशेब न करता दाबण्याची होती. ती तर आपण मोठी माणसंही करतो.

दुसरी पायरी : गिऱ्हाईक शोधत येतं, की पाहून थांबतं?

व्यवसाय दोन प्रकारचे असतात. नळ गळायला लागला, मिक्सर बंद पडला, गाडी पंक्चर झाली, की माणूस लगेच मोबाईलवर शोधतो. प्लंबर आवडला म्हणून कुणी त्याचे व्हिडिओ बघत बसत नाही. अशा धंद्याला गूगलवर सापडणं सगळ्यात महत्त्वाचं.

उलट मेंदी, रांगोळी, केक, ब्लाउजवरची आरी वर्कची नक्षी, हे दिसलं की घ्यावंसं वाटतं. तिथे इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप स्टेटस कामाला येतं.

फराळ दोन्हींत बसतो. काही जण "घरगुती फराळ" असं शोधतात, काही जण फोटो पाहून विचारतात. शिकवणीचंही तसंच. पालक शोधतात, पण शेवटी शेजारच्या काकूंना विचारून ठरवतात. तेव्हा आधी स्वतःला विचारा, "माझं गिऱ्हाईक मला कुठे शोधतं?" सगळीकडे खाती उघडून ठेवायची आणि एकही नीट चालवायचं नाही, त्यापेक्षा दोनच ठिकाणी नियमित असलेलं बरं.

दुसरा प्रश्न, माल कुठपर्यंत पोचवू शकता? ताई गावात आणि आसपास दहा किलोमीटरपर्यंत डबा पोचवतात. मग नागपूरच्या माणसाने लाइक करून उपयोग काय? पहिल्या वेळी जाहिरात अख्ख्या महाराष्ट्राला दाखवली गेली होती. पैसे मुख्यतः तिथेच गेले.

तिसरी पायरी : फुकटची साधनं आधी

*गूगल बिझनेस प्रोफाइल.* गूगलवर किंवा गूगल मॅपवर दुकान शोधलं, की नाव, फोन, वेळ, फोटो आणि चांदण्या दिसतात ना, तेच हे. पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ मध्ये नाव बदललं. ते पूर्ण मोफत आहे. "तुमची नोंदणी रद्द होणार आहे, इतके पैसे भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. नोंदीसाठी गूगल पैसे घेत नाही.

नाव भरताना व्यवसायाचं खरं नावच लिहा. "बेस्ट चकली फराळ स्वस्त होम डिलिव्हरी" असं नाव देणं गूगलच्या नियमात बसत नाही, नोंद बंद होऊ शकते. योग्य प्रकार निवडा, वेळ भरा, फोन नंबर द्या. घरून काम करत असाल आणि लोकांनी घरी यायला नको असेल, तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. बाई एकटी घरी काम करत असेल, तर ही सोय जरूर वापरा. त्यानंतर पडताळणी होते, ती फोनवर किंवा व्हिडिओ काढून करावी लागते. यात थोडा धीर ठेवा.

कुणाचं नाव वर दिसणार, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं, असं गूगल स्वतः सांगतं : शोधलेल्या शब्दाशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, तुम्ही किती जवळ आहात आणि तुमची ओळख किती आहे. अंतर आपल्या हातात नाही. पण माहिती पूर्ण भरणं आणि समाधानी गिऱ्हाइकाला "दोन ओळी लिहाल का?" असं विचारणं आपल्या हातात आहे. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे. नातेवाइकांकडून खोट्या पाच चांदण्याही नकोत. कुणी तक्रार लिहिली, तर भांडू नका. "चकली मऊ पडली याबद्दल क्षमस्व, बदलून देते" असं शांत उत्तर लिहा. ते उत्तर पुढची माणसंही वाचतात.

*व्हॉट्सॲप बिझनेस.* हे साध्या व्हॉट्सॲपपेक्षा वेगळं ॲप आहे, मोफत आहे आणि २०१८ पासून मिळतं. यातल्या चार गोष्टी वापरल्या तरी पुष्कळ :

कॅटलॉग : प्रत्येक पदार्थाचा फोटो, वजन, किंमत एकदाच भरून ठेवा. "काय काय आहे?" असं विचारलं की तोच पाठवा.

ठरलेली उत्तरं : तेच तेच प्रश्न रोज येतात. किंमत, पत्ता, कधी मिळेल. उत्तर एकदा लिहून साठवा, पुन्हा टाइप करत बसू नका.

लेबल : नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण. दिवाळीच्या गर्दीत कुणाचं काय राहिलं, ते यावरून कळतं. पूर्वी ताई हे कॅलेंडरच्या मागे लिहीत, दोन ऑर्डर तशाच हरवल्या होत्या.

ब्रॉडकास्ट : ग्रुप न करता एका यादीतल्या २५६ जणांपर्यंत एकदम संदेश जातो. प्रत्येकाला तो वैयक्तिकच दिसतो. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच तो पोचतो. म्हणून डबा देताना हसून सांगा, "माझा नंबर सेव्ह करून ठेवा हं."

आणि रोज सुप्रभात पाठवू नका. महिन्यातून दोन कामाचे संदेश पुरे. वैतागलेल्या लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट केलं, तर नंबर बंद पडू शकतो.

चौथी पायरी : फोटो आणि मजकूर

महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी खिडकीजवळच्या उजेडात, साध्या थाळीत फोटो काढा. फ्लॅश नको, फिल्टर नको. चकली फिल्टरमध्ये केशरी दिसली आणि डब्यात तपकिरी निघाली, तर गिऱ्हाईक एकदाच येतं. आकार कळण्यासाठी शेजारी हात किंवा वाटी असू द्या.

आता मजकूर. पहिल्या वर्षीचा असा होता :

"सर्वोत्कृष्ट, चविष्ट, शुद्ध घरगुती फराळ! आजच ऑर्डर करा! मर्यादित स्टॉक!"

यात विशेषणं पाच आणि माहिती शून्य. दुसऱ्या वर्षी मुलीने लिहिला तो असा :

"भाजणीची चकली, शेंगदाणा तेलात तळलेली. अर्धा किलो ३०० रुपये, एक किलो ६०० रुपये. ऑर्डरनंतर तळतो, म्हणून दोन दिवस आधी सांगा. गावात घरपोच मोफत. वसुबारसेपर्यंत ऑर्डर घेऊ. व्हॉट्सॲपवर फक्त 'चकली' लिहून पाठवा."

काय, किती, केवढ्याला, कधी, कुठे आणि आता करायचं काय, हे सहा प्रश्न. मराठीच्या तासाला आपण बातमीलेखनात जवळपास हेच शिकवतो की! जाहिरात लेखनाचा प्रश्न घेताना मुलांना नुसती यमकं जुळवायला लावू नका, या सहा प्रश्नांची उत्तरं लिहायला लावा.

रोज "घ्या, घ्या" म्हणण्यापेक्षा उपयोगाचं काहीतरी द्या. चकली मऊ का पडते, लाडू बसत नसेल तर काय करावं, डबा कसा ठेवावा. हे काही आजचं नाही. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, ते कारखान्याचं माहितीपत्रक म्हणूनच. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि घराघरांत वाचलं गेलं. वाचकाच्या हाती काही पडलं, की नाव आपोआप लक्षात राहतं. इंटरनेट नसतानाची ही युक्ती आजही तशीच चालते.

वेळही पाहा. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. नवरात्रात फोटो टाकायला सुरुवात, दसऱ्याला ऑर्डर सुरू, वसुबारसेला बंद, असं आम्ही ठरवलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी जाहिरात करून फायदा नाही, तेव्हा लोकांचे डबे भरलेले असतात. बाकी वर्षासाठी आपलं पंचांगच वेळापत्रक देतं : उन्हाळ्यात वाळवण, श्रावणात उपवासाचे पदार्थ, गणपतीत मोदक, संक्रांतीला तिळगूळ. शिवणकाम करणाऱ्यांसाठी शाळा सुरू होण्याआधीचा महिना आणि लग्नसराई.

पाचवी पायरी : पैसे देऊन जाहिरात, पण लहान

आता त्या निळ्या बटणाकडे येऊ. बूस्ट म्हणजे फसवणूक नव्हे. पण त्यात एक गोष्ट समजून घ्यावी लागते. फेसबुक-इन्स्टाग्रामची यंत्रणा तुम्ही जे मागाल, ते आणून देते. लाइक-कमेंट मागितल्या, तर ज्यांना लाइक करायची सवय आहे अशा लोकांना ती जाहिरात दाखवते. ते लोक चकली विकत घेतीलच असं नाही. पहिल्या वर्षी आम्ही नकळत लाइक मागितले होते. यंत्रणेने चारशे आणून दिले. तिची काही चूक नाही!

म्हणून उद्देश निवडताना "संदेश मिळावेत" हा निवडा. जाहिरातीखाली बटण येतं आणि ते दाबलं की थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडतं. ठिकाण निवडताना राज्य निवडू नका. नकाशावर आपल्या गावावर पिन ठेवा आणि जेवढ्या किलोमीटरपर्यंत डबा पोचवू शकता, तेवढाच परिसर घ्या. रोजची मर्यादा आणि शेवटची तारीख, दोन्ही टाका. तारीख टाकली नाही तर जाहिरात चालूच राहते आणि पैसे कापले जातात.

जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही धरा. ५०० रुपयांची जाहिरात म्हणजे ५९० रुपये.

दुसऱ्या दिवाळीला आम्ही दोन जाहिराती केल्या. दोन्ही रोज १०० रुपये, पाच दिवस, तोच परिसर, तोच मजकूर. फरक फक्त चित्रात.

जाहिरात अ : पणत्या, रांगोळी आणि सजवलेलं फराळाचं ताट.
जाहिरात ब : दहा सेकंदांचा व्हिडिओ, चकली मोडतानाचा 'कट्' आवाज आणि डब्यावर वजन-किंमत.

निकाल असा लागला :

अ : खर्च ५९०, संदेश १४, ऑर्डर २, एकूण २ किलो.
ब : खर्च ५९०, संदेश ९, ऑर्डर ६, एकूण ९ किलो.

अ मध्ये शिल्लक २ × १५० = ३००, म्हणजे २९० रुपये तोटा. ब मध्ये ९ × १५० = १३५०, म्हणजे ७६० रुपये फायदा. दोन्ही मिळून ४७० रुपये वर राहिले. नुसते संदेश मोजले असते, तर आम्ही अ लाच चांगलं म्हटलं असतं. ताटातले सगळे पदार्थ पाहून लोक "अनारसे आहेत का? चिवडा कसा?" असं विचारत होते आणि ताई फक्त चकली आणि शंकरपाळी करतात. ब मध्ये काय मिळणार आणि केवढ्याला, ते डोळ्यांसमोर होतं. विचारणारे कमी आले, पण घेणारे आले.

इथे गणिताचा शिक्षक म्हणून एक इशारा. आकडे लहान आहेत. सहा ऑर्डरवरून "व्हिडिओ नेहमीच चांगला" असा नियम काढू नका. पुढच्या वेळी पुन्हा तपासा. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशामुळे पडला याचा अंदाज तरी येतो. विज्ञानाच्या प्रयोगात आपण हेच सांगतो.

आणखी एक. जाहिरात चालू असताना फोन जवळ हवा. सकाळी आलेल्या प्रश्नाला रात्री उत्तर दिलं, तर तोपर्यंत माणसाने दुसरीकडे ऑर्डर दिलेली असते.

सहावी पायरी : "कुठून कळलं?"

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे वही. प्रत्येक ऑर्डर घेताना एकच प्रश्न : "आमच्याबद्दल कुठून कळलं?" मुलीने ही वही दिवाळीभर ठेवली. एकूण ऑर्डर ४८.

जुनी गिऱ्हाइकं : २०
ओळखीच्यांनी सांगितलं : १४
जाहिरात पाहून : ८
गूगलवर सापडलं : ६

४८ पैकी फक्त ८, म्हणजे सहावा हिस्सा, पैसे देऊन आल्या. बाकी ४० ऑर्डरसाठी जाहिरातीचा एक रुपयाही लागला नव्हता. त्यांतल्या वीस जणांना आम्ही ब्रॉडकास्टने आठवण केली होती, एवढंच. ही वही पाहून ताई म्हणाल्या, "म्हणजे सर, जुन्या माणसांना जपलं असतं तरी पुष्कळ होतं." या साऱ्या पाठाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

मग जाहिरात नकोच का? तसंही नाही. जाहिरातीतून आलेल्या आठांपैकी तिघांनी संक्रांतीला तिळगुळाची ऑर्डर स्वतःहून दिली. त्या वेळी खर्च शून्य. जाहिरात नवीन माणूस दारापर्यंत आणते, परत आणण्याचं काम मालाने आणि वागण्याने करायचं असतं.

सातवी पायरी : खरं बोला, सांभाळून राहा

हा भाग पालकांनी जरूर वाचावा.

खाद्यपदार्थ विकत असाल, तर घरगुती व्यवसायालाही अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक मिळतो. तो लेबलवर आणि कॅटलॉगमध्ये लिहा. गिऱ्हाइकाचा विश्वासही वाढतो. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी करायची असेल, तर ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. पैसे मागणाऱ्या दिसायला तशाच साइटपासून सावध.

"आमचे लाडू खाऊन मधुमेह बरा होतो" असलं काही लिहू नका. अशा आजारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने कारवाई होऊ शकते. कर्नाटकातला आंबा "देवगड हापूस" म्हणून विकणं, दुसऱ्याच्या केकचा फोटो आपला म्हणून टाकणं, हेही त्यातलंच.

पैसे घेताना लक्षात ठेवा : यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. "मी मोठी ऑर्डर देतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील" असा फोन आला, तर तो भामटा समजा. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. छोट्या विक्रेत्यांना असे फोन हमखास येतात.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी त्या ताईंना मदत म्हणून मी त्यांची पोस्ट वर्गाच्या पालक ग्रुपवर टाकली होती. हेतू चांगला होता. पण शिक्षकाने टाकलं म्हटल्यावर पालकांना नाही म्हणणं जड जातं. शिवाय तो ग्रुप अभ्यासाच्या निरोपांसाठी आहे. लोकांनी शाळेला दिलेले नंबर धंद्यासाठी वापरायचे नाहीत. तेव्हापासून मी ते बंद केलं. तुम्हीही पाळा. मुलांचे गणवेशातले फोटो आपल्या जाहिरातीत नकोत, हेही त्यातच आलं.

मुलांनी आईबाबांना मदत करावी, फोटो काढावा, मजकूर लिहावा, हिशेब ठेवावा. पण जाहिरातीचं खातं, कार्ड आणि पिन मोठ्यांच्याच हातात असावं. फेसबुक-इन्स्टाग्रामवर १३ वर्षांखालच्या मुलांना खातं उघडता येत नाही, हेही आठवण करून देतो.

वर्गात कसं घ्याल?

दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत मुलांनी घरच्या किंवा ओळखीच्या एका व्यवसायाचा, परवानगी घेऊन, एका नगाचा हिशेब करायचा : किंमत, खर्च, शिल्लक. घरचे आकडे सांगायचे नसतील, तर वरचा चकलीचा हिशेब वापरा. मग प्रश्न विचारा : "१००० रुपयांची जाहिरात केली, जीएसटी धरून किती? बरोबरी साधायला किती किलो विकावे लागतील?" उत्तर ११८०, आणि ११८० ÷ १५० म्हणजे पावणेआठ किलोच्या थोडं वर, तेव्हा आठ किलो.

दुसऱ्या तासिकेत ४८ ऑर्डरचा वृत्तालेख काढायला द्या. कोन नेमके येतात : १५०, १०५, ६० आणि ४५ अंश. दहावीच्या गणितात जीएसटी आणि वृत्तालेख दोन्ही आहेत, मुलांना तो हिशेब आपल्या घरातला वाटतो. शेवटी त्यांना त्या "सर्वोत्कृष्ट चविष्ट" मजकुराची दुरुस्ती करायला सांगा. मराठीचाही तास होऊन जातो.

जाता जाता

पालकहो, या आठवड्यात एवढंच करा. एका नगामागची खरी शिल्लक काढा. गूगलवरची नोंद पूर्ण करा. आणि एका वहीवर "कुठून कळलं?" असं लिहून ती फोनशेजारी ठेवा. महिनाभर ती भरा. त्यानंतरच ठरवा, निळं बटण दाबायचं की नाही.

ती मुलगी दहावी झाली. दिवाळीच्या त्या वहीतला वृत्तालेख तिने प्रकल्पात लावला होता. वहीच्या पहिल्या पानावर मात्र तिने आदल्या वर्षीचा हिशेब तसाच ठेवला आहे : खर्च ३०००, ऑर्डर ३. मी म्हटलं, "हे कशाला ठेवलंस?" तर म्हणाली, "सर, इथूनच तर सुरुवात झाली ना."